ओंजळभर डेटा

मागण्याचे प्रकार काळाप्रमाणे बदलतात. देणाऱ्याची कसोटी मात्र तीच राहते. माझ्या आजीच्या काळी शेजारच्या चुलीतला विस्तव मागून आणीत. आईच्या काळी विरजण, साखरेची वाटी आणि पुढे पुढे टेलिफोनही मागितला जाऊ लागला. आज आमच्या इंदूरच्या वसाहतीत दार वाजते आणि बाहेरून आवाज येतो, "काकू, थोडा वेळ हॉटस्पॉट देता का?"

या हॉटस्पॉटची करामत मोठी गमतीची आहे. फोन मनोऱ्याकडून इंटरनेट घेतो आणि वायफायच्या लहरींवरून ते जवळच्या लॅपटॉपला पुरवतो. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला तो घरातल्या घरात वेगळा पत्ता देतो. बाहेरच्या जगाला मात्र सारा व्यवहार एकाच फोनचा दिसतो. एकत्र कुटुंबात धाकट्यांची पत्रे 'द्वारा' असे लिहून वडीलधाऱ्यांच्या नावे येत आणि कोणते पत्र कोणाचे ते घरातला कर्ता जाणून वाटून देई, तसेच हे.

मागच्या पावसाळ्यात एका दुपारी वीज गेली. घरातला राउटर विजेवाचून मुका झाला. लॅपटॉपची बॅटरी शाबूत होती, मनोराही आपल्या बॅटरीच्या पाठबळावर उभा होता. उणीव होती ती या दोहोंना जोडणाऱ्या दुव्याची. सूनबाई घरूनच नोकरी करते. तिच्या फोनची बॅटरी संपत आलेली आणि तीन वाजता महत्त्वाची बैठक. "आई, तुमचा फोन द्याल का?" ती म्हणाली. तोच शेजारचा मुलगा लॅपटॉप घेऊन दारात उभा. परीक्षेच्या अर्जाची ती शेवटची तारीख.

माझ्या फोनला दिवसाला 1.5 जीबी डेटा मिळतो. तो संपला की वेग इतका मंदावतो की चित्र दिसणे अशक्यच. आणि संध्याकाळी सहा वाजता माझी थोरली बहीण रत्नागिरीहून व्हिडिओ कॉल करते. ती अंथरुणाला खिळली आहे. दिवसभर ती त्या पंधरा मिनिटांची वाट पाहते, आणि खरे सांगायचे तर मीही पाहते.

दिव्याने दिवा लावला तर पहिल्याचा उजेड कमी होत नाही, असे आपण मुलांना शिकवतो. डेटाचे तसे नाही. तो दिव्यासारखा नसून पाण्याच्या हंड्यासारखा आहे. दुसऱ्याच्या ओंजळीत घातले तेवढे आपले कमी होते. म्हणूनच मला वाटते, त्या देण्याला अर्थ आहे.

मी फोन मधल्या टेबलावर ठेवला. सूनबाई त्यातली जाणकार. लॅपटॉपला ही जोडणी मोजक्या डेटाची आहे असे तिने सेटिंगमध्ये सांगून ठेवले. एरवी तो आपले अद्ययावतीकरण परस्पर उतरवू लागतो आणि हंडा बघता बघता रिता होतो. बैठकीत तिने चित्र बंद ठेवून केवळ आवाजावर भागवले. फोन तिने केबलने लॅपटॉपला जोडला, म्हणजे इंटरनेटही मिळे आणि फोनला थोडी वीजही. शेजारच्या मुलाला वायफायचा पासवर्ड सांगितला. छायाचित्र, सही, शुल्क असे एकेक टप्पे पार करीत साडेपाचच्या सुमारास त्याचा अर्ज पोहोचला. त्याच्या आईने उंबऱ्यातूनच हात जोडले.

सहाला ताईचा कॉल आला, पण चित्र थिजलेलेच राहिले. मी तो बंद करून साधा फोन लावला. साध्या बोलण्याला डेटाच्या शिध्यातून काही द्यावे लागत नाही. "आज तुझं तोंड दिसलं नाही गं," ती म्हणाली. मी तिला कारण सांगितले. क्षणभर ती गप्प राहिली. मग म्हणाली, "पोराचा अर्ज गेला ना? मग झालं तर." आणि लहानपणच्या पावसाच्या गोष्टी काढून आम्ही नेहमीपेक्षा अधिक वेळ बोलत राहिलो.

यंत्रे माणसांना एकमेकांपासून तोडतात, अशी तक्रार नेहमी कानी येते. तीत तथ्य असेलही. परंतु जे यंत्र आपल्या वाट्याचे दुसऱ्याला देण्याची सोय करते, त्याने निदान एक प्रश्न तरी रोज आपल्यापुढे ठेवला आहे: हंड्यात थोडेच उरले असताना दारी आलेल्याला काय सांगायचे? त्याचे उत्तर कुठल्याही फोनमध्ये सापडत नाही. ते घराघरांतून शिकवावे लागते.