एकच फाइल, दोन नावं

"मॅडम, सर्व्हरवर चालतंय, माझ्या लॅपटॉपवर फाटतंय." टीममध्ये नुकत्याच आलेल्या मुलाचं हे वाक्य ऐकून ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलीच. एरवीची तक्रार याच्या बरोबर उलटी असते.

पाथ, व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट वगैरे त्याने तपासलं होतं. मॉड्यूल सापडत होतं. भानगड ही, की ते दोनदा सापडत होतं.

फ्लास्कचं छोटं ॲप. 'ॲप' नावाच्या फाइलीत डेटाबेसचा ऑब्जेक्ट बनवलेला, तिच्या शेवटी 'मॉडेल्स' इम्पोर्ट केलेलं, आणि मॉडेल्सने तो ऑब्जेक्ट पुन्हा 'ॲप'मधूनच मागवलेला. लॅपटॉपवर तो फाइल थेट चालवायचा. अशा वेळी पायथन तिची नोंद 'मेन' या नावाने करतो. पुढे मॉडेल्स 'ॲप' मागतं. त्या नावाची नोंदच नसते, म्हणून तीच फाइल पहिल्या ओळीपासून पुन्हा चालते. आता डेटाबेसचे ऑब्जेक्ट दोन: टेबलं एकाकडे, चालू ॲप दुसऱ्याकडे. पहिली क्वेरी मारली की एरर, हे ॲप या एसक्यूएलअल्केमीकडे रजिस्टर नाही म्हणून. सर्व्हरवर गनिकॉर्न मुळातच 'ॲप' या नावाने फाइल इम्पोर्ट करतो, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत.

तिने फाइलीच्या डोक्यावर एक ओळ टाकली: स्वतःचं नाव प्रिंट कर. टर्मिनलवर आधी 'मेन' उमटलं, लगेच खाली 'ॲप'. पोरगा बघतच राहिला. हे असं कुणी बघत राहिलेलं तिला फार आवडतं, आणि ती ते लपवतही नाही.

डेटाबेस वेगळ्या फाइलीत काढला, काम झालं.

तिचा खरा राग आहे तो सिस-पाथमध्ये हाताने फोल्डर घुसडून वेळ मारून नेणाऱ्यांवर. आतला फोल्डर आणि बाहेरचा, दोन्ही पाथवर आले की एकच फाइल लहान नावानेही इम्पोर्ट होते आणि लांबलचक नावानेही. म्हणजे औषधातूनच तोच आजार. 2012च्या पायथन 3.3 पासून इनिट फाइल नसलेला फोल्डरही बिनतक्रार इम्पोर्ट होतो, हेही तिला अजून पचलेलं नाही. चुकलं कुठे आणि ओरड कुठे!

2024च्या 3.13 वर मात्र तिचा वेगळाच आकस आहे. स्वतःच्या फाइलीला 'रँडम' नाव देऊन पायथनचं मूळ मॉड्यूल झाकून टाकणाऱ्याला आता एररच सांगते, की नाव बदलून बघ. यासाठी पूर्वी लोक तिला हाक मारायचे. दुहेरी नोंदीचा घोळ अजून कुठली एरर नाव घेऊन सांगत नाही, याचं तिला आतून थोडं बरंच वाटतं.