घराची जागरूकता

डिमेन्शिया झालेल्या माणसासाठी काय काय विकत घ्यावं, असं ओळखीतलं कुणी विचारतं तेव्हा मी आधी एकच सांगते: ज्या वस्तूमुळे तुमच्या तोंडचं ‘नको’ कमी होईल, ती घ्या. विसरण्यापेक्षा टोकण्यानं आईला जास्त लागतं, हे मी रोज पाहते. कशावरून टोकलं ते तिच्या ध्यानात राहत नाही, पण चेहऱ्यावरचा अपमान बराच वेळ उतरत नाही.

गॅसचंच बघा. जिचं उभं आयुष्य ओट्याशी गेलं, तिला स्वयंपाकघरात येऊ नको कसं म्हणायचं? सिलिंडरचा रेग्युलेटर बंद ठेवला की काम भागतं. शेगडी पेटत नाही, ‘गॅस संपला वाटतं’ म्हणून आई शेंगा सोलायला बसते. तिच्यासोबत चहा करायचा असेल तेव्हा इंडक्शन बरी; भांडं उचललं की ती आपोआप थांबते.

सगळ्यात जास्त विचार करावा तो न्हाणीघराचा. पांढऱ्या टाइल्स, पांढरी फरशी आणि त्यात पांढराच कमोड असला की बसायचं नेमकं कुठे, हे या माणसांना उमगत नाही. म्हणून सीट गडद रंगाची हवी. आधाराचा दांडा भिंतीत पक्का बसवलेला हवा. टॉवेल अडकवायची दांडी माणसाचं वजन पेलत नाही. अंघोळीला रबरी पायांची खुर्ची हवी, आणि कडी बाहेरूनही उघडणारी. आतून लावलेली कडी काढायची कशी हेच आठवेनासं झालं, की आतल्या माणसाची काय अवस्था होते ती एकदाही ऐकावी लागू नये. दाराशी काळं पायपुसणं मात्र नको. तो खड्डा वाटून पाऊल तिथेच अडतं.

रंगाचा हा न्याय ताटालाही लागू आहे. गडद रंगाच्या भांड्यांत वाढलं की अल्झायमरचे रुग्ण जास्त जेवतात, असं अमेरिकेतल्या संशोधकांना 2004 मध्ये आढळलं. आपल्याकडे दहीभात चकचकीत स्टीलच्या ताटात वाढतात आणि मग ‘जेवत नाही’ म्हणून रागावतात!

संध्याकाळी आई ‘घरी जायचंय’ म्हणत दाराकडे निघते. बाहेरून कुलूप घालणं मला पटत नाही. आग लागली तर काय? दार उघडताच वाजणारी छोटी घंटी बसवली की आपल्याला उठून तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जाता येतं. हातात फोन नंबर कोरलेली बांगडी असावी.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात डिमेन्शिया असलेले ज्येष्ठ सुमारे 88 लाख आहेत. त्यांना सांभाळणारी माणसं बहुतेक घरचीच, आणि त्यांतही बायकाच जास्त. लांब राहणारी मुलं प्रेमानं कॅमेरा पाठवतात. कॅमेऱ्यात पडलेलं माणूस दिसतं, पण पडणं टळत नाही. तेव्हा पैसे पाठवणाऱ्यांना माझी विनंती आहे: रात्री उठून संडासापर्यंत सोबत कोण जातं, ते आधी विचारा आणि खरेदी त्या व्यक्तीच्या सल्ल्यानं करा. बहुतेक घरांत पहिली गरज न्हाणीघरातल्या दांड्याची निघेल. तो याच आठवड्यात बसवून घ्या.