फीत आणि वही

आमच्या बेळगाव जिल्ह्यात, जेथून कोणी ना कोणी पलटणीत गेलेला नाही, असे गाव विरळाच. लहानपणी ओट्यावर बसून पेन्शनर मंडळी आम्हांस नामदेव जाधवांची हकीगत सांगत. १९४५ च्या एप्रिलात इटलीतील सेनिओ नदीवर मराठा पलटणीच्या ह्या शिपायाने गोळ्यांच्या वर्षावात दोन जखमी सोबत्यांस एकामागून एक पाण्यातून बाहेर काढले, मग एकट्याने मशीनगनचे मोर्चे बंद पाडले, आणि त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या बाहीवर तेव्हा एकही फीत नव्हती, हे सांगताना म्हातारे बोट वर करीत. आम्ही हकीगत लक्षात ठेवली, बोट विसरलो.

१९९४ साली आम्ही बेळगावास भरती झालो. (आमच्या युनिटचे नाव येथे देत नाही; दोष युनिटचा नव्हे, आमचा आहे.) त्याच दिवशी खानापूर तालुक्यातील एक मुलगा भरती झाला, आणि पुढे सात वर्षे आम्हां दोघांच्या खाटा शेजारी शेजारी राहिल्या. नाताळच्या रात्री आमचा पहारा तो करी. गणेश चतुर्थीस त्याचा पहारा आम्ही. घरून आलेला लाडू अर्धा होई, मग तो कोणाच्याही घरचा असो.

गावाकडे आयाबहिणींस वाटते, की मुलाने इमानाने काम केले म्हणजे बढती आपोआप येते. तसे नाही. वरचा कोणी पेन्शनीस गेला किंवा आणखी वर चढला, तरच जागा मोकळी होते. त्या जागेसाठी केडरची परीक्षा पास हवी, प्रकृती निर्दोष हवी, कागदावर लाल शाईची नोंद नको, आणि एवढे सारे असूनही यादीत आपल्या वर कोणी असला तर थांबावे लागते. पुन्हा हुद्द्यावर नोकरीची वर्षे ठरतात. नायकाहून हवालदार अधिक राहतो, हवालदाराहून सुभेदार. म्हणजे ती बोटभर फीत मुलांच्या शाळेची फी असते, घरावरची कौले असते. सहाव्या वेतन आयोगानंतर ८, १६ आणि २४ वर्षांच्या सेवेस, हुद्दा न वाढला तरी, पगाराची श्रेणी वाढू लागली. पोटाचा प्रश्न त्याने थोडा हलका झाला. परंतु काल ज्याच्याबरोबर एका मगातून चहा प्यालो, त्याला आज ‘उस्ताद’ म्हणायचे, ह्याला वेतन आयोगापाशी औषध नाही.

२००१ साली नायकाची एक जागा मोकळी व्हायची होती. यादीत तो आमच्या एक पायरी वर होता. त्या महिन्यांत बराकीचा रंगच पालटला. लंगरमधील हसणे कमी झाले. सुभेदार साहेबांकडे कोण जाऊन आला, ह्यावर लक्ष राहू लागले. कोणी बूट चमकवीत बसला, तरी ‘ह्याला काय हवे आहे?’ असे दुसऱ्याच्या मनात येई. आम्हीही त्यांतलेच.

नकाशावाचनात तो कच्चा होता. आमच्यापाशी एक वही होती; एका जुन्या हवालदाराने ती आम्हांकडून सावकाश, आकृत्यांसह लिहून घेतली होती. परीक्षेच्या आठ दिवस आधी त्याने ती मागितली. ‘दुसऱ्या कंपनीत एकाने नेली आहे,’ असे आम्ही म्हणालो. वही आमच्या ट्रंकेत, नाताळच्या सदऱ्याखाली होती.

तो नकाशावाचनात नापास झाला. फीत आम्हांस मिळाली.

त्या डिसेंबरात पहाऱ्याची यादी करण्याचे काम आमच्याकडे आले. चोवीस तारखेच्या रात्रीसाठी त्याने आपणहून नाव दिले, जसे दर वर्षी देई तसेच. आम्ही ते लिहून घेतले आणि मिस्सेला गेलो. तेथे काय प्रार्थना केली, ते आठवत नाही.

पुढल्या केडरला तो पास झाला, पण जागा निघायला आणखी तीन वर्षे गेली, आणि यादीत गमावलेली पायरी परत मिळत नाही. २०१८ साली तो नायक म्हणूनच घरी आला. आम्ही २०२० साली हवालदार म्हणून आलो. बेळगावच्या कॅन्टीनच्या रांगेत अधूनमधून भेट होते. मुलाबाळांचे विचारतो, चतुर्थीला या म्हणतो. वहीचे त्याने कधी विचारले नाही. त्याला ठाऊक आहे की नाही, हे आम्ही त्याच्या तोंडाकडे पाहून अजून ठरवू शकलो नाही.

हे सारे आज लिहिण्यास कारण आमचा भाचा. २०२३ साली तो अग्निवीर म्हणून गेला. २०२२ च्या जून महिन्यात ही योजना जाहीर झाली, तेव्हाच ठरले होते, की चार वर्षांनी शंभरांतून फार तर पंचवीस जण कायम व्हायचे. बाकीच्यांनी सुमारे पावणेबारा लाख रुपये घेऊन, पेन्शनशिवाय, घरी यायचे. आमच्या वेळी एका जागेसाठी दोघे होतो. ह्या मुलांची सबंध बराकच पहिल्या दिवसापासून एकमेकांस मोजत राहते. गेल्या रजेत तो म्हणाला, “मामा, तिथे कोणी कोणाला काही सांगत नाही. तुम्ही पुढे कसे गेलात?”

त्याच्या आईसमोर आम्ही त्यास वहीची गोष्ट सांगितली. बहीण उठून आत गेली. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “ती वही आहे अजून?”

वही होती. ट्रंकेतून काढून त्याच्या हाती दिली. कडा पिवळ्या पडल्या आहेत, पण आकृत्या स्वच्छ दिसतात. जाताना त्याने ती पिशवीत सर्वांत वर ठेवली. तो ती एकटाच वाचतो की शेजारच्या खाटेवरल्यासही देतो, हे आम्ही फोनवर अद्याप विचारलेले नाही. खानापूरला मात्र येत्या चतुर्थीला जायचे ठरविले आहे.