तळपायांतील मुंग्या

शरीराच्या सर्व अवयवांत पायाइतका निमूट चाकर दुसरा नाही. डोळ्यांस चष्मा, दातांस कवळी, केसांस तेल असे इतरांचे लाड चालतात. पायाच्या वाट्यास येते ती चप्पल, आणि तीही पुरती झिजेपर्यंत. परंतु हा चाकर एकदा बोलू लागला म्हणजे धन्याची झोप उडवितो. माझे पाय बोलू लागले त्यास चार वर्षे झाली. प्रथम अंगठ्यांच्या टोकांशी मुंग्या आल्यासारखे वाटे. पुढे त्या तळपायभर पसरल्या. आणि नंतर रात्री अंथरुणास पाठ टेकताच कोणी निखाऱ्यांवर उभे करावे तशी आग सुरू होऊ लागली. चादरीचा स्पर्शही सोसवेना. मधुमेह माझ्या सोबतीस चौदा वर्षे आहे; त्याने आता मज्जातंतूंस धरले, असे निदान झाले.

ही व्याधी पायांपासूनच का सुरू होते, याचे उत्तर मोठे सरळ आहे. अंगठ्यापर्यंत पोहोचणारा मज्जातंतू कमरेपाशी उगम पावतो आणि त्याची लांबी सुमारे एक मीटर भरते. धागा जितका लांब तितके त्याचे पोषण कठीण. म्हणून सर्वांत लांब धाग्यांची टोके आधी झिजतात. त्यामुळे विकार पायमोज्याच्या आकाराने वर वर चढतो आणि गुडघ्याच्या आसपास आला म्हणजे हातांच्या बोटांसही लागतो. साखरेखेरीज याची कारणे आणखीही आहेत. दारू, मूत्रपिंडाचे विकार, काही औषधे, कुष्ठरोग आणि बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव, ही त्यांपैकी काही होत. यांतील शेवटचे कारण मधुमेह्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. कारण मेटफॉर्मिनच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते जीवनसत्त्व कमी पडू शकते आणि रक्त तपासल्यावाचून ते कळत नाही.

आमचा वारंगा फाटा हे तीन वाटांचे ठिकाण आहे. नांदेडहून आलेला रस्ता येथे दुभंगतो. एक वाट आखाडा बाळापूर व कळमनुरीवरून हिंगोलीस जाते, तर दुसरी उमरखेडवरून यवतमाळ व नागपूर गाठते. अशा ठिकाणी जशी माणसे उतरतात तसे उपायही उतरतात. कोणी तेल सांगितले, कोणी काढा, कोणी तांब्याच्या वाटीने तळवे घासण्यास सांगितले. हल्ली या उपायांत विजेच्या यंत्रांची भर पडली आहे. मोबाईलवर त्यांची चित्रे दिसतात आणि चार दिवसांत खोके दारात येते. मीही असे एक यंत्र घेतले. मात्र ते नांदेडच्या एका फिजिओथेरपिस्टांच्या सल्ल्याने घेतले आणि लावावयाचे कसे हेही त्यांच्याकडूनच शिकलो.

या यंत्रास टेन्स म्हणतात. हाताच्या पंजात मावेल एवढी डबी, तीतून निघणाऱ्या बारीक तारा आणि तारांच्या टोकांस कातडीवर चिकटणाऱ्या चार चकत्या, एवढाच त्याचा संसार. बटण फिरविले म्हणजे विजेचे सूक्ष्म ठोके, दर सेकंदास साधारण पन्नास ते शंभर, कातडीतून आत जातात आणि त्या जागी गोड झिणझिण जाणवते.

एवढ्याने वेदना कशी शमावी? रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ साली मांडलेल्या उपपत्तीत याचा उलगडा आहे, आणि फाट्यावर राहणाऱ्यास ती समजण्यास अडचण पडू नये. स्पर्शाचे निरोप जाड तंतूंतून सेकंदास पन्नास मीटरच्या आसपास वेगाने धावतात. आगीचे, ठणक्याचे निरोप अगदी बारीक तंतूंतून, सेकंदास मीटर-दोन मीटर असे, बैलगाडीच्या चालीने येतात. ठेच लागली की बोट आपटल्याचे आधी कळते आणि कळ क्षणभराने येते, ती यामुळेच. हे दोन्ही रस्ते पाठीच्या कण्यात एका फाट्यावर मिळतात आणि तेथे एक फाटक आहे, अशी ही कल्पना होय. जाड तंतूंची वर्दळ वाढली म्हणजे फाटक वेदनेपुरते ओढून घेतले जाते. दुखरी जागा आपण नकळत चोळतो त्यातही हेच घडते. विजेची डबी म्हणजे न थकणारा, न कंटाळणारा चोळणारा हात. १९६७ साली वॉल यांनी विल्यम स्वीट या शल्यचिकित्सकांसह हा प्रयोग माणसांवर करून पाहिला.

वीज आणि पाय यांचा संबंध मात्र याहून फार जुना आहे. इसवी सन ४७ च्या सुमारास स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने पायाच्या संधिवातावर एक उपाय लिहून ठेवला. समुद्रकाठच्या ओल्या वाळूत उभे राहावे, अंगातून वीज सोडणारा जिवंत टॉर्पेडो मासा पायाखाली घ्यावा आणि गुडघ्यापर्यंत सर्व पाय बधिर होईतो तसेच राहावे, असा तो उपाय. वाचताना मला त्यातील एका शब्दापाशी थांबावे लागले. त्या वैद्यास जी बधिरता हवी होती तीच माझा रोग होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोग्यास मासा जे देई ते मला साखरेने आधीच देऊन ठेवले होते. तरीही आग होतच होती.

माझ्या यंत्राचा अनुभव सांगतो. सहा आठवडे मी निजण्यापूर्वी अर्धा तास ते पोटऱ्यांवर लावले आणि आधीची व नंतरची आग शून्य ते दहा अशा आकड्यांत वहीत टिपली. यंत्र चालू असेतो आग निश्चित उतरे, आणि बंद केल्यावरही तासाभराची उसंत मिळे. तेवढ्यात डोळा लागला तर रात्र पदरात पडे. सकाळी पाय पूर्ववतच असत. म्हणजे यंत्राने रोग हलविला नाही. त्याने झोपेपुरता त्यास ओसरीवर बसवून ठेवले.

हा गुण विजेचा की माझ्या श्रद्धेचा, हा प्रश्न रास्त आहे. पत्नीने नाणे उडवून कधी यंत्र चालू करावे, कधी नुसतेच लावून ठेवावे आणि मला सांगू नये, असे आम्ही ठरविले. परंतु पोटरीवर झिणझिण जाणवली की यंत्र चालू असल्याचे गुपित फुटे, आणि परीक्षा तेथेच संपे. मोठमोठ्या शास्त्रज्ञांसही हीच अडचण पडते. अमेरिकेतील मज्जातंतुतज्ज्ञांच्या अकादमीने २०१० साली मधुमेहजन्य वेदनेवर टेन्सचा विचार करावा, असे मत दिले. पुढे २०१७ साली कॉक्रेनच्या परीक्षकांनी मज्जातंतूंच्या वेदनेवरील १५ प्रयोग व त्यांतील ७२४ रुग्ण तपासले, आणि पुरावा इतका कच्चा ठरला की निश्चयाने होय किंवा नाही काहीच म्हणता येत नाही, असे लिहिले. यंत्राची निंदा करणाऱ्याने आणि त्याची आरती ओवाळणाऱ्याने, दोघांनीही हे वाक्य ध्यानी धरावे.

तथापि या यंत्राने मजवर केलेला खरा उपकार वेगळाच आहे. पहिल्या भेटीत फिजिओथेरपिस्टांनी अत्यंत सौम्य प्रवाह लावून एक चकती गुडघ्याखालून हळूहळू खाली सरकविली आणि प्रत्येक जागी विचारले, "लागते का?" पोटरीवर स्पष्ट लागले. घोट्यावर कोणी दुरून हाक मारावी तसे लागले. बोटांच्या मुळाशी मी वाट पाहत राहिलो. काहीच आले नाही. त्यांनी प्रवाह वाढविला नाही. चकती काढून ते म्हणाले, "येथे कधीही लावू नका. जेथे कळत नाही तेथे किती झाले हेही कळत नाही. कातडी भाजेल आणि तुम्ही स्वस्थ बसाल." हृदयात पेसमेकर असणाऱ्याने, गर्भवतीने, तसेच मानेच्या पुढच्या भागावर, जखमेवर किंवा झोपेत ते लावू नये, हेही त्यांनी बजावले. परंतु माझे लक्ष माझ्या बोटांकडे होते. रोज रात्री ज्यांच्या आरोळीने मी जागा राही, तीच बोटे स्पर्शास मुकी होती. आग आणि बधिरता या एकाच घरच्या दोन बहिणी आहेत; एक आक्रोश करते, दुसरी कोपऱ्यात बसते, आणि घात करते ती दुसरी.

याचा प्रत्यय गेल्या उन्हाळ्यात आला. आमचे एक शेजारी हळदीचे शेतकरी आहेत. हळद शिजविण्याच्या दिवसांत वाफ, चूल आणि उकळते पाणी यांच्या भोवती त्यांचा वावर असतो, तोही बहुधा अनवाणी. त्यांनी विजेचा एक पाट मागविला होता; त्यावर दोन्ही तळवे टेकून बसावयाचे. एके संध्याकाळी ते मोठ्या आनंदाने आले. "गुरुजी, त्या पाटानं माह्या पायाची आग पार इझवली बगा! आता शेवटच्या आकड्यावर ठेवलं तरी काही लागत नाही."

शेवटचे वाक्य ऐकून मी दचकलो. एक साधी परीक्षा मला ठाऊक होती. इंग्लंडमधील इप्सविच येथील वैद्यांनी २०११ साली ती प्रसिद्ध केली. रोग्याने डोळे मिटावेत आणि दुसऱ्याने दोन्ही पायांच्या अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांस तर्जनीने क्षण-दोन क्षण हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये. सहांपैकी दोन स्पर्श कळले नाहीत तरी पाय धोक्यात आहे असे समजावे. शेजाऱ्यांस सहांपैकी एकही कळला नाही. आणि पाय उलटून पाहतो तो टाचेत बाभळीच्या काट्याचे टोक मोडून राहिलेले, भोवती पू धरलेला. आणि त्यांस त्याची वार्ताही नाही! त्यांची आग विजेने विझली नव्हती. तंतू पुरते मावळले की त्यांचा आक्रोशही मावळतो, तेच त्यांच्या बाबतीत घडले होते. दुसऱ्या दिवशी त्यांस नांदेडच्या रुग्णालयात नेले. काटा निघाला, आणि दोन महिन्यांनी जखम भरली. पाय वाचला.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली आलेल्या डॉक्टर पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बाबतीत हेच दाखवून दिले होते. त्या रोगात हातापायांची बोटे आपोआप गळून पडतात असा समज असे; ब्रँड यांनी पाहिले की वेदना नसल्यामुळे रोगी भाजतो, कापतो, त्याच जखमेवर चालत राहतो, आणि त्याने बोटे जातात. मऊ सच्छिद्र रबराच्या तळाची जी चप्पल कुष्ठरोग्यांसाठी वापरात आली, तीच आज मधुमेह्यांच्या बधिर पायांसही दिली जाते. वेदनेचा शाप सर्वांस दिसतो. तिची राखण तिच्या अभावीच दिसते.

म्हणून विजेचे यंत्र घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. माझे यंत्र उशाशी आहे आणि वाईट रात्री मी ते लावतो. रात्रीची झोप ही काही क्षुल्लक वस्तू नव्हे. परंतु ओरडणाऱ्या दुखण्यासाठी आपण बाजार पालथा घालतो आणि न बोलणाऱ्यासाठी दोन मिनिटेही काढीत नाही, ही रीत मोडली पाहिजे. ज्या घरात ही डबी येईल त्या घरात तिच्या शेजारी एक हातआरसाही ठेवावा. रोज रात्री त्यात तळवे पाहावेत. चप्पल किंवा बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. पाण्याची ऊब पायाने न पाहता कोपराने पाहावी. आणि महिन्यातून एकदा घरच्या माणसाकडून सहा बोटांस स्पर्श करवून घ्यावा. आरशास वीज लागत नाही, आणि त्याची जाहिरातही कोणी करीत नाही.