थुंकीपासून आतड्यापर्यंत

थुंकीत! दिवसभर आपण नकळत जी गिळत असतो, त्या साध्या थुंकीत आतड्याची जखम भरून यायला मदत करणारं एक प्रथिन असतं. हे वाचलं तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. भेटेल त्याला सांगत सुटलोय.

त्याचं नाव एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे ईजीएफ. अवघ्या ५३ अमिनो आम्लांची साखळी. स्टॅन्ली कोहेन यांनी उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तर पिल्लांचे डोळे ठरल्या वेळेच्या आधीच उघडले आणि दातही लवकर आले! असं का झालं, याचा पिच्छा पुरवता पुरवता हे प्रथिन हाती लागलं, आणि १९८६ साली रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत कोहेन यांना नोबेल मिळालं.

मी यात शिरलो तो पुतण्यामुळे. त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज, व्रण, शौचावाटे रक्त. भूमहून बार्शी, बार्शीहून सोलापूर ही आमच्या घराची ठरलेली वाट. मेसालामाईन, वेळ पडली तर स्टेरॉईड. ही औषधं हवीतच, त्यांच्यामुळेच पोरगं उभं आहे. पण त्यांचा मुख्य रोख सुजेवर, खवळलेल्या प्रतिकारशक्तीवर. मला सारखं वाटायचं, सूज उतरली, मग सोललेलं अस्तर भरून कोण काढतं?

तर त्याचीही व्यवस्था शरीरात आहे, आणि ती किती शहाणी! आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. ईजीएफचा निरोप घेणारे ग्राहक-रेणू अस्तराच्या पेशींवर असतात, पण ते मुख्यतः पाठीमागच्या बाजूला. अन्न जातं त्या बाजूला जवळपास नाहीतच. म्हणजे अस्तर धड असेल तर गिळलेलं ईजीएफ समोरून निघून जातं, त्याला कुणी विचारत नाही. जिथं अस्तर फाटलं तिथंच ते मागच्या बाजूला पोचतं आणि पेशींना सांगतं: सरका, वाढा, भोक बुजवा. कायम गस्तीवर असलेला, पण घर फुटलं तरच आत येणारा राखणदार! लंडनच्या संशोधकांनी १९९० मध्ये याहून अचाट गोष्ट दाखवली. जुनाट व्रणाच्या कडेला आतडं स्वतःच पेशींची एक नवी जात उगवतं, तिची बारीक ग्रंथी होते आणि ती तिथल्या तिथं ईजीएफ पाझरू लागते. क्रोहन्स या आतड्याच्या दुसऱ्या आजाराच्या रुग्णांतही हे दिसतं.

मग हेच प्रथिन बाहेरून दिलं तर? दिलं होतं! २००३ साली ब्रिटनमधल्या चाचणीचा निकाल छापून आला. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात किंवा गुदाशयात आजार असलेले २४ रुग्ण. सगळ्यांना मेसालामाईनच्या गोळ्या होत्याच. बारा जणांना रोज १०० मिलिलिटर एनिमातून फक्त ५ मायक्रोग्रॅम ईजीएफ, बारा जणांना नुसता एनिमा. दोन आठवड्यांनी ईजीएफवाल्या बारापैकी दहा जणांचा आजार शमलेला, दुसऱ्या गटात एकाचा. दहा विरुद्ध एक! ही ओळ मी पुतण्याला मोठ्यानं वाचून दाखवली.

चाचणी लहान होती, हे त्यालाही सांगितलं. आणि पेशी वाढवणारं दुसरं एक प्रथिन, केजीएफ-२, त्याच सुमारास कोलायटिसमध्ये तपासलं गेलं. त्याचा उपयोग दिसला नाही. खरी धास्ती वेगळी आहे. पेशी वाढवणारं प्रथिन नको त्या पेशीही वाढवू शकतं. आतड्याच्या कर्करोगात ईजीएफचा ग्राहक-रेणू बंद पाडणारी औषधं वापरतात, आणि जुन्या कोलायटिसमध्ये कर्करोगाचा धोका मुळातच जास्त. म्हणून थोडे दिवस, थोडी मात्रा आणि थेट व्रणाच्या जागी, हाच मार्ग मला पटतो.

आता आमच्या भूम-परंडा-वाशीकडचं सांगायला हवं. हा खव्याच्या भट्ट्यांचा मुलूख, म्हैस व्याली की घरोघर चिकाचा खरवस. त्या चिकात आयजीएफ-१, टीजीएफ-बीटा, ईजीएफच्या कुळातली प्रथिनं असतात. वासराचं कोवळं आतडं त्यावर तयार होतं. गायीच्या चिकाचा एनिमा कोलायटिसच्या मोजक्या रुग्णांना मेसालामाईनसोबत देऊन पाहिला, त्याचा निबंध २००२ मध्ये आला, लक्षणं कमी झाली होती. पण खरवस हे औषध नव्हे, हे आमच्या वहिनींना मला दोनदा समजवावं लागलं. वाफेवर प्रथिनं थिजतात म्हणून तर वडी पडते. आणि कच्चा चीक पाजणं तर नकोच, त्यातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात.

मला सगळ्यात उमेद देणारी गोष्ट इथून फार लांब नाही. हैदराबादच्या भारत बायोटेकनं मानवी ईजीएफ प्रयोगशाळेत तयार करून मधुमेही पायाच्या जखमांसाठी त्याचा जेल बाजारात आणला. प्रथिन आपल्याकडे बनतं, जखमेवर लावलंही जातं. आतड्यासाठी मात्र ईजीएफ अजून औषध म्हणून आलेलं नाही. शेकडो रुग्णांची, वर्षभर दुर्बिणीनं आतडं तपासत राहणारी चाचणी कुणीतरी हाती घ्यायला हवी, आणि ती आपल्याकडे का होऊ नये? पुढच्या तपासणीला सोलापूरला जाऊ तेव्हा डॉक्टरांना हे विचारायचं, असं पुतण्यानं स्वतःच आपल्या फायलीवर लिहून ठेवलंय.