श्रोत्यांचा फिरता कौल
स्वतःच गीत रचून, चाल बांधून गाणाऱ्या कलावंताच्या अल्बममध्ये श्रोते त्याचे आत्मकथन शोधतात. म्हणूनच बॉब डिलन यांच्या ‘सेल्फ पोर्ट्रेट’ (१९७०) या दुहेरी अल्बममध्ये बरीचशी गाणी इतरांची निघाली आणि पहिल्या गाण्यात तर त्यांचा आवाजच नव्हता, तेव्हा अनेकांचा विरस झाला व समीक्षक ग्रील मार्कस यांनी त्यावर सडकून टीका केली. पुढे २०१३ मध्ये ओव्हरडब, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणावर मागाहून चढवलेले वाद्यांचे व कोरसचे थर, काढून टाकलेली त्यातली काही गाणी एका संचात प्रकाशित झाली, त्या संचासाठी खुद्द मार्कस यांनीच टिपण लिहिले, आणि तो मोकळा आवाज ऐकून पुष्कळांचे मत निवळले. कलावंताने काय गावे याविषयीचा आग्रह काळाबरोबर सैलावला, की श्रोता जुन्या गाण्यांनाही नव्याने न्याय देऊ शकतो.