वाऱ्याची वाटणी

आढ्याला टांगलेला पंखा खोलीचा असतो. उभा पंखा माणसांचा. शिरूरच्या आणि पुढे दौंडच्या बिऱ्हाडात आम्हांला हा फरक कळत गेला. एक गाव घोडनदीकाठचे, दुसरे भीमेकाठचे. पण वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा नदी असून नसल्यासारखीच. पत्र्याखालच्या खोल्या आणि उभा पंखा एकच. खाली निजणाऱ्यांसाठी त्याचा दांडा उतरवायचा, खाटेवरच्या आजोबांसाठी वर चढवून पिळायचा, आणि सगळे जमले की मागची खुंटी दाबून त्याला मान फिरवू द्यायची. त्या एका फेरीत कोणाच्या वाट्याला किती वारा येतो, यावरून आमच्याकडे भांडणे झाली आहेत.

वस्तुतः पंखा हवा थंड करीत नाहीच. हलत्या हवेने घाम उडतो आणि कातडी निवते, एवढेच. रिकाम्या खोलीत तो चालू ठेवला तर मोटारीची पन्नास-साठ वॅटांची ऊबच तेवढी भर पडते. हवा ३५ अंशांच्या बरीच वर गेली की तो झळच अंगावर आणतो. खरा उपयोग रात्री. बाहेर निवलेले असते, भिंती मात्र तापलेल्याच. अशा वेळी त्याचे तोंड खिडकीबाहेर करावे. कोंडलेली हवा तो बाहेर लोटतो आणि मागल्या दाराने गारवा आत येतो. दौंडला आम्ही असेच निजत असू. गारव्याबरोबर जंक्शनमधल्या शिट्ट्याही आत येत, त्याला इलाज नव्हता.

पंख्याला मराठीत जुना शब्द आहे विंझणा, संस्कृत व्यजनाशी नाते सांगणारा. विंझणा म्हटला की तो हलवणारा हात आला, आणि तो पुष्कळदा बाईचा: जेवणाऱ्याला वारा घालणारा, पाळण्याशी पेंगत हलणारा. विजेने तो हात मोकळा केला असे आपण मानतो. पण घरभर फिरणारा आमचा पंखा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबे. आत नेला की गॅसची ज्योत फडफडे, भाकरी एका अंगाने कच्ची राही. सर्वांत तापलेल्या खोलीतच वारा नाही. आमच्या वाचनातल्या कथा-कवितांत चुलीचा धूर पुष्कळ आला. तिथला उकाडा क्वचितच.

शेवटची भाकरी उतरली की आई पदराने मान पुसत बाहेर येई. कोणीतरी खुंटी वर ओढून पंखा तिच्यावर थांबवी. ती लगेच म्हणे, "फिरू दे त्याला. मामंजींना उकडतंय."